बाबांनी शिव्या सोडल्या त्या वर्षी

माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता, आणि माझे वडील शिवीशिवाय एक वाक्य बोलत नव्हते. हे दोघे दिवसभर एकाच घरात असत. त्याला इलाज नव्हता. मी उपकेंद्रावर नर्स, नवरा बल्लारपूरला कारखान्यात, आठवड्याच्या सुट्टीला तेवढा येणार. सासूबाई सावली तालुक्यातल्या गावी स्वतःच्या धानात गुंतलेल्या. माझी आई मी बारावीत असतानाच गेली. म्हणून मी सिंदेवाहीजवळच्या माहेरीच राहायचे, सकाळी मुलाला बाबांच्या कडेवर द्यायचे आणि स्कूटीला किक मारायचे.

माझं काम असं की गावोगावच्या अंगणवाडीत बसायचं, लेकरांना टोचायचं आणि आयांना विचारायचं, ‘दोन शब्द जोडून बोलतो का?’ आया हो म्हणाल्या की कार्डावर खूण करायची. दिवसाला वीस-पंचवीस खुणा मी करत होते. घरी आले की माझंच लेकरू दारात उभं राहून माझ्याकडे बघायचं, हसायचं, पिशवी ओढायचं, पण तोंड मिटलेलं. ऐकू तर सगळं यायचं. दोन खोल्यांपलीकडे बिस्किटाचा पुडा फोडला तरी हा हजर. समजायचंही सगळं. फक्त बोलायचा नाही. लोक म्हणायचे, मुलगे उशिरा बोलतात. मीही इतर बायकांना हेच सांगायचे. स्वतःला सांगितलं तरी मात्र ते पटायचं नाही.

आता बाबांच्या शिव्यांविषयी. त्या मी इथे लिहिणार नाही, कागद तापेल. पण त्यात वाईट हेतू कधीच नसे, एवढं नक्की लिहिते. दुसरे लोक बोलताना श्वास घेतात तिथे बाबा शिवी घालत. चहा गरम लागला की चहाला, लाइट गेली की लाइटीला, बैल चालला नाही तर बैलाला आणि चालला तर कौतुकाने पुन्हा बैलालाच. शिमग्याला, जेव्हा सगळ्या गावाला शिव्या द्यायची मुभा असते, तेव्हा बाबा मात्र गप्प बसून बाकीच्यांच्या चुका काढत. माझ्या लग्नात मला निरोप देताना त्यांनी नव्या जावयासमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून अशी एक शिवी दिली की मांडवातल्या बायका रडायच्या थांबल्या. मी मात्र आणखी रडले, कारण त्यांच्यापाशी याहून मायेचा शब्द नव्हता.

सासूबाईंनी तेव्हाच ओठ मुडपले होते. त्या त्यांच्या गावातल्या भजनी मंडळाच्या पुढारी. आयुष्यात कुणाला वावगं बोलल्या नाहीत. त्यांची सर्वांत जबर शिवी म्हणजे ‘भला मानूस’. एखाद्याविषयी त्या शांतपणे म्हणाल्या, ‘थो तं भला मानूस हाय,’ की समजायचं, त्या माणसाला त्यांच्या घरी पाणीसुद्धा मिळणार नाही. मला स्वतःला बाबांच्या शंभर शिव्यांपेक्षा या एका ‘भल्या माणसा’ची जास्त भीती वाटायची.

होळी झाली त्या आठवड्यात सासूबाई नातवाला भेटायला आल्या. अंगणात बाबा विहिरीवरची बंद पडलेली मोटार उघडून बसले होते आणि तिच्याशी बोलत होते. माझा मुलगा शेजारी उकिडवा बसून तोंड उघडं टाकून ऐकत होता. सासूबाई फाटकातच उभ्या राहिल्या. पिशवी खाली ठेवली नाही. बाबांचं मोटारीच्या सात पिढ्यांपर्यंतचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “पोट्टा बोलावा म्हनून आमी सारे देव पालथे घालून राह्यलो, अन् तुमी त्याच्या कानात हे ओतून राह्यले?”

बाबा गडबडून उठले. पान्हा हातातच. “ईनबाई, त्याले कुठी समजते थे?”

“समजते म्हनूनच बोलत नाई. आडात जे हाय थेच पोहऱ्यात येईन, हे त्याले मालूम झालं. म्हनून पोहराच सोडत नाई थो. लाजते लेकरू.”

मला हसू आलं. बाकी कुणी हसलं नाही, म्हणून मी ते गिळलं. सासूबाईंनी मग ओसरीवर बसून निकाल सांगितला, मुदत रोवण्याची, म्हणजे धानाच्या लावणीची. “आमचा रोवना आटोपला का मी येतो. तवरी पोट्टा बोलला नाई, नाईतर बोलला अन् पयलीच शिवी निंगाली, तं मी त्याले सावलीले घेऊन जातो. मंग तुमी रागवा, नाईतर काई करा.”

मी फार रागावले. माझं लेकरू, माझं माहेर, आणि निकाल देणाऱ्या या कोण? पण भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण आतून मीही घाबरलेली होते. त्या म्हणतात ते खरं असलं तर? सावलीच्या घरात माणसं होती, भजन होतं, गोड बोलणं होतं. इथे एक म्हातारा, दोन बैल, आणि ते ऐकणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कोठीतून मूठभर धान काढलं, ते उजव्या हातात धरलं आणि नातवासमोर उभे राहून म्हणाले, “आजपासून बंद.” आमच्याकडे धान हातात घेऊन बोललेलं कुणी मोडत नाही. मी म्हटलं, बाबा, एवढं कशाला? ते काही बोलले नाहीत. बोलायची चोरीच झाली होती.

शिव्या काढून टाकल्यावर बाबांपाशी भाषा फार थोडी उरली. ‘हं.’ ‘घे.’ ‘खाय.’ ‘नको तिकडे.’ पंधरा दिवस घरात एवढंच. शेजारचे लोक दोघे-दोघे करून चौकशीला आले. एका बाईने मला हळूच बाजूला घेऊन विचारलं, “सिस्टर, बाबाले झटका तं नाई आला? तोंड वाकडं नाई दिसत, पन आवाज बंद हाय.” बंडीला जुंपले की बैल मान वळवून मागे बघायचे, हाकणारा बदलला की काय म्हणून. आम्ही हसायचो, पण माझ्या मुलाला ते हसण्यासारखं नव्हतं. तो आतापर्यंत दिवसभर बाबांच्या आवाजाच्या मागे मागे फिरायचा. आता तो त्यांच्या मांडीवर बसायचा, त्यांच्या ओठांवर बोट ठेवायचा आणि वाट बघायचा. बाबा तोंड फिरवून घ्यायचे.

मला ते बघवेना. मी रजा काढली आणि दोघांना घेऊन चंद्रपूरला डॉक्टरकडे गेले. कानांची तपासणी झाली. कान उत्तम. डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. त्यांनी विचारलं, “दिवसभर याच्याशी कोण बोलतं?”

मी बाबांकडे बघितलं. बाबा दुपट्ट्याचं टोक पिळत जमिनीकडे बघत होते.

“बाबा, याच्याशी बोला,” डॉक्टर म्हणाले. “खूप बोला. काहीही बोला.”

“काई बी?” बाबांनी मान वर केली.

“काहीही.”

येताना एसटीत मूल लगेच झोपून गेलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, “माय, थो ‘काई बी’ म्हनला.”

“बाबा, ते तुमच्यासारख्यांना बघून म्हणाले नाहीत.”

“मंग बोलू काय व? शिव्या काढल्या तं माह्यापाशी उरलंच काय?”

हे त्यांनी विनोदाने म्हटलं नव्हतं. तोंड धरून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. साठी उलटलेल्या माणसाने आयुष्यभराची बोली दारात काढून ठेवली होती, आणि आता वरून हुकूम की बोला. मी त्यांचा हात धरून बसले. सिंदेवाही आलं तरी मला काही सुचलं नाही.

सुचलं ते बाबांनाच, आणि तेही एका कोंबडीमुळे. आमच्या ओसरीच्या भिंतीचा एका जागी पोपडा निघाला होता. तो झाकायला बाबांनी तिथे शेतकरी मेळाव्यात मिळालेला मोठा रंगीत कागद खिळ्यांनी ठोकला होता. ‘धानावरील किडी व रोग.’ खोडकिडा, तुडतुडे, गादमाशी, करपा, कडाकरपा, लष्करी अळी, सगळ्यांचे मोठे मोठे फोटो. त्या दिवशी रविवार, मी घरीच. अंगणात धान वाळत घातलं होतं आणि शेजारची कोंबडी त्यात शिरली. बाबा ताडकन उठले, तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. नजर इकडे तिकडे फिरली. भिंतीवर थांबली.

“अबे ए... खोडकिड्या!”

कोंबडी पंख फडफडवत पळाली. शिवी लागू पडली होती. बाबांना स्वतःलाच नवल वाटलं. त्यांनी दुसरी चाखून बघितली. “गादमाशे! पुन्हा आली तं पाय!” आणि माझा मुलगा, जो पंधरा दिवस कोमेजून बसला होता, तो खदाखदा हसायला लागला. बाबांनी त्याला उचललं, कागदापाशी नेलं, आणि बोट ठेवून ठेवून एकेका किडीच्या नावाने हाका मारल्या. तो प्रत्येक नावाला हसत होता. मी चुलीपाशी भाकर करपवली.

गोड पर्याय लोकांकडे असतातच. माझ्या नोकरीतल्या बायका ‘अय्या’, ‘अगं बाई’ म्हणतात. पण तसल्या शब्दांनी राग बाहेर पडत नाही, नुसता कुरवाळला जातो. बाबांच्या किडींचं तसं नव्हतं. एका वर्षी खोडकिड्याने त्यांची अर्धी बांधी, म्हणजे धानाचं अर्धं खाचर, पांढरी करून टाकली होती. तुडतुड्याने उभं धान बसल्या जागी वाळवलं होतं. त्या नावांवर त्यांचा खरा, पिकलेला राग होता. ‘खोडकिड्या’ म्हणताना त्यांचे दात तसेच आवळले जायचे, मान तशीच ताठ व्हायची. आणि ऐकणाऱ्याच्या आयाबहिणींना कुठे ओरखडाही येत नव्हता. आमच्याकडे जंगलात शिरल्यावर जाणती माणसं वाघाचंही नाव घेत नाहीत, दुसरंच काही म्हणतात, आणि त्याने वाघ लहान होत नाही. हेही तसंच.

हळूहळू त्याला शिस्त आली. किरकोळ वैतागाला करपा. लाइट गेली की कडाकरपा. कोंबड्या, मांजर आणि मोबाइलवरच्या जाहिराती यांना गादमाशी. बैलांना तुडतुड्या. लष्करी अळी राखून ठेवलेली, ती मी त्या काळात एकदाच ऐकली, रानडुकरांनी पऱ्ह्यांत, धानाच्या कोवळ्या रोपांत, धुडगूस घातला त्या सकाळी.

गावाने ही बोली उचलायला आठ दिवससुद्धा घेतले नाहीत. पानठेल्यावर माणसं एकमेकांना करप्या म्हणून हाक मारू लागली. बोअरिंगवर दोन जावांचं रोजचं भांडण सुरू होतं, एकीने दुसरीला ‘गादमाशे’ म्हटलं, दुसरीने ‘तू सुरळीतली अळी’ म्हणून परतवलं, आणि मग दोघींनाही हसू आवरेना. घागरी भरून वाहायला लागल्या तरी भांडण पुढे सरकेना. ‘या शिव्यांनी भांडनच होत नाई व,’ अशी तक्रार त्यातली एक माझ्याकडे गोळ्या घ्यायला आली तेव्हा करून गेली. नवरा सुट्टीला आला तर बाबांनी त्यालाही शिकवणी दिली. त्याने सांगितलं की कारखान्यात यंत्रांच्या आवाजात शिवी ऐकूच जात नाही, म्हणून तिथे सगळे हाताने देतात. मग ओसरीवर सासरा तोंडाने आणि जावई हाताने अशी जुगलबंदी झाली. मूल मधे बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होतं.

घरात इतकं बोलणं, इतकं हसणं मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. बाबा सकाळपासून सुरू व्हायचे. कागद तर पाठच झाला होता. त्याच्याभोवती मग गोष्टी आल्या, खोडकिडा कसा आत शिरतो, तुडतुडा कसा बुंध्याशी लपतो. मूल सगळं ऐकायचं. डोळे मोठे करायचं. हसायचं. आणि बोलायचं नाही.

मृग गेला, पऱ्हे हिरवे झाले. सासूबाईंचा दर गुरुवारी फोन.

“बोलला काय?”

“नाही, आई.”

“शिवी देली काय?”

“नाही.”

“हं,” त्या म्हणायच्या. “आमचा रोवना होत आला.”

फोन ठेवला की मी मुलाच्या कपड्यांची घडी उगीचच पुन्हा घालायचे. ही त्याची पिशवी भरायची वेळ येणार, असं मनात यायचं. मी एकदा तर देवाला म्हटलं, शिवी तर शिवी, पण काहीतरी निघू दे त्याच्या तोंडून.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. त्या दिवशी लसीकरण होतं आणि मी सहा मैलांवरच्या अंगणवाडीत होते. जे सांगते ते बाबांच्या आणि सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं, आणि दोघांच्या सांगण्यात थोडा फरक आहे.

सासूबाई न कळवता आल्या. घराला कुलूप बघून थेट बांधीवर गेल्या. तिथे शेवटच्या बांधीत चिखलणी चालू होती. आमच्या बांध्या एवढ्याशा की ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून बैलच. रोवणाऱ्या बायका पलीकडच्या बांधीत पऱ्ह्यांच्या पेंड्या पसरून खोळंबलेल्या. मूल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्रीखाली बसलेलं. सासूबाई त्याला मांडीवर घेऊन बसल्या आणि बाबांच्या तोंडाकडे कान लावला.

नेमका तेव्हाच डावा बैल चिखलात थांबला.

हा डावा बैल जुना. त्याची सगळी उमर बाबांच्या खऱ्या शिव्यांवर गेलेली. तुडतुड्या म्हटल्यावर तो चालायचा, पण मेहरबानी केल्यासारखा. त्या दिवशी मेहरबानी संपली होती. बाबांनी तुडतुड्या म्हटलं, खोडकिड्या म्हटलं, करप्या, कडाकरप्या, भिंतीवरचा अख्खा कागद वाचला. बैल उभा. रोवणाऱ्या बायका तिकडून ओरडायला लागल्या, “बाबा, जुनी द्या एक! त्याशिवाय नाई हालत थो!” विहीण धुऱ्यावर बसून बघते आहे, वर ढग, खाली चिखल, आणि बाबांचा चेहरा लाल.

सासूबाई म्हणतात, जुनी शिवी त्यांच्या दातांपर्यंत आली होती, मी स्वतः पाहिली. बाबा म्हणतात, खोटं आहे, मी दम घेत होतो. पण बाबांनी नातवाकडे बघितलं आणि तोंड मिटलं, यावर दोघांचं एकमत आहे. सगळं गप्प झालं. बायकासुद्धा.

आणि तेव्हा माझा मुलगा सासूबाईंच्या मांडीवरून उतरला. धुऱ्याच्या कडेला गेला. एक हात कमरेवर ठेवला, बाबा ठेवतात तसा, पोट पुढे काढलं, आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात बैलाला म्हणाला,

“तुतुल्या!”

बैल हलला नाही. बाकी सगळे हलले. बाबांच्या हातून कासरा सुटला आणि ते होते तिथेच चिखलात बसले. रोवणाऱ्या बायका पेंड्या टाकून धुऱ्यावर धावत आल्या. मग बाबांना एकदम निकाल आठवला. पहिलाच शब्द, आणि तोही शिवी! ते चिखलातूनच हात जोडून म्हणायला लागले, “ईनबाई, थे शिवी नोहे! धानाचा रोग हाय थो! सरकारी कागदावर लिवला हाय, घरी चाला, दाखवतो!”

सासूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या लुगड्यासकट गुडघाभर चिखलात उतरून मुलासमोर उभ्या होत्या, म्हणजे त्यांचं तोंड बरोबर त्याच्या तोंडासमोर आलं. “मले म्हन,” त्या म्हणाल्या. “बाबू, मले म्हन बरं एकडाव.”

त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हटलं, “तुतुल्या.”

उभ्या आयुष्यात त्यांना असं कुणी बोललं नसेल. त्या रडायला लागल्या, हसायला लागल्या आणि म्हणाल्या, “आनखी!” मग त्यांनी कनवटीचा फोन काढला. आधी गावी माझ्या सासऱ्यांना, मग जाऊबाईंना, मग भजनी मंडळातल्या एकेकीला. प्रत्येकीला सांगायच्या, “थांब व, ऐक, माहा नातू तुले शिवी देते.” आणि फोन त्याच्या तोंडापाशी धरायच्या. सावलीकडच्या सात-आठ सज्जन बायकांनी त्या दुपारी माझ्या मुलाची शिवी कानाला लावून घेतली. बल्लारपूरला त्याच्या बापाला फोन गेला. त्याला यंत्रांच्या आवाजात धड ऐकू आलं नाही, तर तो काम टाकून बाहेर आला आणि पुन्हा म्हणायला लावलं.

मलाही फोन आला. एका हातात सुई, मांडीवर कुणाचं तरी रडणारं बाळ. सासूबाईंचा आवाज, “आईले म्हन, बाबू, आईले म्हन.” मला वारा ऐकू आला, बायकांचं हसणं ऐकू आलं, माझ्या मुलाचा श्वास ऐकू आला. तो काही बोलला नाही.

घरी आले तर सण असल्यासारखं वातावरण. सासूबाई गुळाचा शिरा ढवळत होत्या, बाबा ओसरीवर गावकऱ्यांना प्रसंग सांगत होते, प्रत्येक वेळी बैल थोडा अधिक अडेल होत होता. मी मुलाला उचललं. म्हटलं, म्हण ना. मी तुतुल्या आहे, म्हण. त्याने माझ्या गालाला हात लावला, हसला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तोंड मिटलेलं. मी लिमलेटची गोळी दाखवली, बैलासारखी चार पायांवर उभी राहिले, तरी नाही.

आनंद तर होताच, पण खोटं कशाला बोलू, मला रागही आला. डोळे मी सुजवले, नवस मी बोलले, आणि पहिला शब्द बैलाला! दुसरा सासूला! शिरा मी रुसूनच खाल्ला.

बाबांनी जेवताना भीत भीत विषय काढला. “ईनबाई, मंग आता... पोट्ट्याले नेता काय?”

“कुठी नेऊ?” त्या म्हणाल्या. “आमच्या इथी त्याच्याशी असं बोलाले कोन हाय?” आणि त्यांच्या ताटात शिरा वाढायला स्वतः वाकल्या. “भाऊ, तुमी भले मानूस हाय.” बाबांच्या हातातला घास थांबला. मीही घाबरले. पण त्या हसत होत्या. पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द सरळ वापरला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी निघाले. निघण्याची ती वेळ मला रोज जड जायची. मूल स्कूटीच्या आरशाला धरून उभं राहायचं. मग बाबा त्याची बोटं एकेक करून सोडवायचे. ते ओरडायचं नाही, हातपाय झाडायचं नाही, नुसते डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मला आरशात फाटकापर्यंत तेच दिसत राहायचं.

त्या दिवशीही बाबांनी बोटं सोडवली आणि त्याला कडेवर घेतलं. मी स्कूटी सुरू केली. आणि मागून आवाज आला.

“तुतुल्या!”

मी वळून बघितलं. तो बाबांच्या कडेवरून अर्धा बाहेर झुकला होता, चेहरा लाल, मुठी आवळलेल्या, आणि माझ्याकडे बघून पुन्हा ओरडला, “तुतुल्या! तुतुल्या!” तो रागावला होता. मी त्याला सोडून जाते याचा त्याला राग येत होता, कधीचा येत असणार, आणि आज पहिल्यांदा त्याच्यापाशी तो सांगायला शब्द होता.

बाबांचा जीव कानकोंडा झाला. त्याच्या तोंडावर हात ठेवत ते म्हणाले, “मनावर नको घेऊ, माय. जा तू.”

“हात काढा, बाबा,” मी म्हटलं. “त्याला बोलू द्या.”

मी स्कूटी बंद केली आणि फाटकाच्या दगडावर बसले. त्याने पोटभर सांगितलं. त्या दिवशी मी कामावर अर्धा तास उशिरा पोचले. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी कारण विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं, की मुलगा शिव्या देत होता, ऐकत बसले होते.